नारळाच्या मापाचं टोपडं

काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं सांगू! आधी चहा संपवा. नाहीतर हसताना सांडाल आणि म्हणाल, हिच्यामुळं साडी गेली.

विणकामात माझा हात धरणारं आपल्या छावणी भागात कुणी नाही. हे मी स्वतःच सांगते, दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसले तर झालंच! मोजे, हातमोजे, कानटोपी, स्वेटर, सगळं वहीतल्या नमुन्याप्रमाणं. ऐंशी टाके म्हणजे ऐंशी. बाकीच्या बायका काय विणतात? छे! टीव्हीकडं बघत नुसत्या सुया हलवतात. एकीनं नवऱ्याला स्वेटर विणला, त्याचा गळा बिचाऱ्याच्या डोक्यातून शेवटपर्यंत खाली उतरला नाही. वर म्हणते कशी, अंदाज चुकला! अंदाज? लोकरीत अंदाज?

तर माझ्या भावाला मुलगा झाला. वहिनीच्या माहेरी, बिडकीनला. बारशाला आत्याकडून टोपडं हवंच, म्हणून मी बाळाचं माप घ्यायला गेले. तर वहिनीची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मशीनवर कुंची शिवत बसलेल्या. काय ती कुंची! बाळ, बाळंतीण आणि पाळणा, तिघं मावले असते आत.

"मावशी, ही कुणाला हो?"

"लेकराला. वाढत्या अंगाची शिवावी, ताई."

वाढत्या अंगाची! ज्यांना मापात शिवता येत नाही, त्यांचं हे ठरलेलं उत्तर. माझं डोकंच फिरलं. बाळाला बघायला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "बारशाला बाळाच्या डोक्यावर माझंच टोपडं बसणार. सूतभर इकडं नाही की तिकडं नाही. नाही बसलं तर माझ्या सुया तुमच्या पायाशी ठेवीन!"

आणि पर्समधून टेप काढली. झालं! विहीणबाई पदर खोचून आडव्या आल्या.

"तान्ह्या लेकराला माप लावायचं नस्तं! वाढ खुंटती. आमच्यात नाय चालत."

आता या अडाणीपणाला काय म्हणायचं? पण मी काय कमी आहे? म्हटलं, बरं, निदान दृष्ट तरी काढते. आणि बाळाच्या डोक्याभोवती दोन्ही हात गोल धरले. पुढं अंगठ्याला अंगठा, मागं बोटाला बोट. मिळालं माप! घरी गेलं की आमचे हे त्या कडीत टेप लावतील. तोवर फक्त हात सोडायचे नाहीत.

हात तसेच धरून निघाले. विहीणबाई कुंकू लावायला आल्या, नुसतं कपाळ पुढं केलं. पर्स काखेत दाबून एसटीत चढले.

"तिकीट, बाई," कंडक्टर म्हणाला.

"पर्समधून तुम्हीच काढा."

"हाताला काय झालं?"

"डोकं आहे ना त्यात!"

त्यानं माझ्याकडं असं काही बघितलं की विचारू नका. चितेगाव आलं, गाडी भरली, तरी माझ्या शेजारची जागा रिकामीच. अडाणी लोक! कारागिरी कशाला म्हणतात ते ठाऊक नाही.

स्टँडवर उतरले तोवर बोटांना मुंग्या आलेल्या. घरापर्यंत माप टिकतंय कुठलं! तेवढ्यात समोर नारळवाला दिसला.

"क्या होना, बाजी? पानीवाला दूँ?"

"पाणी नको, डोकं पाहिजे!"

त्यालाच एकेक नारळ माझ्या हाताच्या कडीत धरायला लावला. हा सैल, तो अडकतोय. चौदावा बरोब्बर बसला. तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "जाने दे भाई, घर में कुछ हुआ होंगा." मी लक्षच दिलं नाही.

नारळ लोकरीच्या टोपलीत ठेवला. रोज विणायचं आणि त्यावर चढवून बघायचं. शुक्रवारी टोपडं पूर्ण झालं. नारळावर असं बसलं की मीच माझी पाठ थोपटली! रविवारी नाडी ओवायला घेतलं, तर बोटभर सैल!

माझा हात सैल पडला? माझा? टाके मोजले, नमुना तपासला, सगळं बरोबर. पण नारळ काय खोटं बोलणार आहे का? टोपडं उसवलं. आठ टाके कमी करून रातोरात नाही, चांगलं दोन दिवस बसून परत विणलं. नारळावर चपखल!

बारशाच्या दिवशी आधी सगळ्या बायकांमधून टोपडं फिरवलं. मग बाळाच्या डोक्यावर चढवलं. ते टाळूवरच थांबलं. ओढलं, तर निसटून वर उडालं. परत ओढलं, तर बाळानं भोकाड पसरलं.

"ऱ्हाऊ द्या, ताई," विहीणबाई म्हणाल्या. "तुमची काय चूक? लेकराचंच डोस्कं लई मोठं हाय."

सगळ्या तोंडाला पदर लावून हसतायत! ह्यांना कोपऱ्यात घेतलं. "अहो, नारळावर बसलं होतं हो!"

"कुठल्या?"

"लोकरीच्या टोपलीतल्या!"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तो होय? शनिवारी मारुतीला फोडला की मी. पण लगेच दुसरा आणून ठेवला गं! नारळ तो नारळ."

ऐकलंत? बरोबर बसणारं टोपडं मी माझ्या हातानं उसवलं होतं. आणि खऱ्या मापाचं खोबरं प्रसाद म्हणून मीच खाल्लं होतं, वर साखर मागून घेऊन!

बाळाला कुंची घातली. सैल होती, पण बसली. मी मुकाट्यानं सुया विहीणबाईंच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी उचलून माझ्या हातात परत दिल्या, माझी ओटी भरली, आणि ओटीतल्या नारळावर माझं टोपडं चढवून नाडी बांधली. सूतभर इकडं नाही की तिकडं नाही!

आठवड्यानं बिडकीनच्या तीन बायका दारात हजर. टोपडी विणून पाहिजेत म्हणे. मला वाटलं, चला, कुणाला तरी कदर आहे. ऐटीत विचारलं, "बाळाचं माप आणलंय का?"

तिघींनी पिशवीतून नारळ काढले.

"बाळाला न्हाई, ताई. कलशावरच्या नारळाला पायजे. तुमचं त्याच्यात लई नाव झालंय."