ओर्व्हिल टिमन्सच्या दाराला पेटी नव्हती

ओर्व्हिल टिमन्सनं अठ्ठावीस वर्षं मर्सर्स बेंडमध्ये टपाल वाटलं, आणि त्याच्या स्वतःच्या दाराला पत्रपेटी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोस्टातले सगळेच आपलं टपाल निघताना खिशात घालून घरी न्यायचे. त्यासाठी खांब रोवून पेटी कशाला लावायची? त्याची गल्ली दुसऱ्या पोस्टमनकडे होती. आपल्या दारी त्या बिचाऱ्याला थांबावं लागत नाही, याचा ओर्व्हिलला उलट अभिमानच होता.

माणूस नियमाचा. जॉर्जियातल्या त्या गावात काळ्या माणसाला टपालखात्याचा गणवेश मिळाला तो अठ्ठावन्न साली, ओर्व्हिललाच. त्या गणवेशाकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून तो सरळ रेषेत चालायचा. कुत्रा चावला तरी अर्ज तीन प्रतींत. पेन्शनला आता चौदा महिने उरले होते.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा आला. आत एक कार्ड होतं, 'मतदान हा तुमचा हक्क आहे.' वर शिक्का होता, 'या पत्त्यावर राहत नसल्यास पुढे पाठवू नये, परत करावे.' परत म्हणजे ज्या पक्षानं ती पाठवली त्याच्या कचेरीत. गठ्ठा रुळांच्या खालच्या गल्ल्यांसाठीच होता, जिथं काळी माणसं राहत. रुळांच्या वरच्या अंगाला एकही पाकीट नव्हतं. वरच्यांना आपला हक्क आठवत असावा, असं ओर्व्हिलनं मनात म्हटलं आणि तो कामाला लागला.

एरवी तो पत्ता बघायचा नाही, माणूस बघायचा. ब्याऐंशी वर्षांची व्हर्बिना टगल खुब्याचं हाड मोडल्यापासून चार घरं पलीकडे लेकीकडे राहत होती. तिची पत्रं तो लेकीच्या व्हरांड्यात नेऊन द्यायचा. पण शिक्का म्हणत होता परत करा. त्यानं परत केलं. अशी एकूण एकेचाळीस.

दोन आठवड्यांनी कोर्टाच्या दारावर यादी लागली. नाव असेल त्यानं शुक्रवारी पुरावा घेऊन यावं, नाहीतर मंगळवारच्या निवडणुकीत मत नाही. प्रत्येक नावापुढे लायल डेनिंग यांची शपथ होती, 'माझ्या वैयक्तिक माहितीनुसार ही व्यक्ती या वॉर्डात राहत नाही.' ओर्व्हिलनं नावं मोजली. बेचाळीस. एकेचाळीस त्यानं परत पाठवलेली, आणि शेवटचं ओर्व्हिल टिमन्स. कारण, 'दाराला पेटी नाही.' त्याच्या गल्लीच्या पोस्टमननंही शिक्का पाळला होता.

डेनिंग विमा एजंट होता आणि वॉर्डातलं पक्षाचं कामही तोच बघायचा. त्याचं टपाल ओर्व्हिलच द्यायचा. दुसऱ्या दिवशी ते दारात देताना त्यानं विचारलं,

"डेनिंगसाहेब, मी कुठे राहतो हो?"

"हा काय प्रश्न झाला? सिकॅमोर गल्ली, निळं दार. परवाच चहा पाजलास की मला."

"यादी म्हणते मी राहत नाही."

"ते होय! अरे, वरून छापूनच आलं होतं. मी नुसत्या सह्या ठोकल्या. मनाला लावून घेऊ नकोस, ओर्व्हिल. तुम्हा लोकांबद्दल माझ्या मनात काही नाही. दहातले नऊ जण तुम्ही समोरच्या पक्षाला मत टाकता, एवढंच. हे नुसतं गणित आहे."

मग त्यानं दार अगदी हळू लावलं. डेनिंग सभ्य माणूस होता.

ओर्व्हिल व्हर्बिनामावशीकडे गेला. ती शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, तुमचं पाकीट मी परत पाठवलं. म्हणून तुमचं नाव लागलं. बाकी चाळीस जणांचंही."

"शिक्का होता ना तसा?"

"होता."

"मग? तू शिक्क्याचा गुलाम आहेस हे काय मला आज कळतंय?"

ओर्व्हिलला फार लाज वाटली. "मला तुमच्याकडे बघवत नाही," तो म्हणाला.

"नको बघूस. शेंगा सोल." तिनं परडी त्याच्यापुढे सरकवली. "चौसष्ट साली मतदारयादीत नाव नोंदवायला मी अकरा खेपा घातल्या. मी पायरी चढले की साहेबाची जेवणाची सुट्टी. सकाळी नऊ वाजता जेवायचा मेला! बाराव्या खेपेला मीच डबा नेला आणि दारात बसले. बरं, ते ड्रॉवरमधलं निळं पुस्तक दे."

ते तिच्या अंत्यविधीच्या विम्याचं पुस्तक होतं. खालच्या गल्ल्यांत ते घरोघर असायचं. डेनिंग दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यायचा, हप्ता घ्यायचा आणि तारीख, घर नंबर लिहून सही करायचा. लेकीचा घर नंबर सात महिने त्याच्याच अक्षरात होता.

"मेल्यावर मला कुठून उचलायचं ते त्याला बरोबर ठाऊक असतं," मावशी म्हणाली. "जिवंतपणी कुठे राहते तेवढं विसरतो."

ओर्व्हिल घरी गेला, गणवेश उतरवला आणि साध्या कपड्यांत त्या गल्ल्या पुन्हा चालला. चाळीस माणसं जिथं खरोखर राहत होती तिथं जाऊन त्यानं निरोप दिला, शुक्रवारी निळं पुस्तक घेऊन कोर्टात या.

शुक्रवारी त्यानं रजा टाकली. कोर्टातल्या कारकुनानं मावशीचं पुस्तक आणि डेनिंगची शपथ शेजारीशेजारी ठेवली. सही एकच.

"या सहीप्रमाणे तुम्ही इथे राहता," तो म्हणाला. "आणि या सहीप्रमाणे राहत नाही."

"मग त्यांनाच विचारा कुठली खोटी. ही खोटी असेल तर माझा विमा बुडाला. ती खोटी असेल तर त्यांची शपथ."

कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा झाले होते.

"जेवणाची सुट्टी," तो म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

मावशीनं पर्समधून चीजची दोन सँडविचेस काढली. "दुसरं तुझं," ती म्हणाली. जिन्यावर चाळीस माणसं मांडीवर निळी पुस्तकं घेऊन बसली होती. त्यांनीही आपापले डबे उघडले. ओर्व्हिलनं त्या आठवड्यात पहिल्यांदाच मावशीकडे नीट पाहिलं आणि सँडविच खाल्लं.

कारकुनानं पडदा सारून साडेदहाला पाहिलं, बाराला पाहिलं, दोनला पाहिलं. तीन वाजता त्यानं खिडकी उघडली.

"टगल, व्हर्बिना. सध्याचा पत्ता?"

मावशी तोंड उघडायच्या आत ओर्व्हिलनं सांगितला. मग पुढच्याचा सांगितला, आणि मग जिन्यावरच्या प्रत्येकाचा, घर नंबरासकट, कागदात न बघता. कारकून पुस्तकाशी ताडून एकेक नाव यादीतून खोडत गेला.

"टिमन्स, ओर्व्हिल. पत्ता?"

ओर्व्हिलनं सांगायला तोंड उघडलं. गल्ली आठवत होती, निळं दार आठवत होतं. नंबर काही केल्या आठवेना. त्या नंबरावर त्यानं कधी पत्र टाकलंच नव्हतं.

"एकशे सोळा," मावशी म्हणाली. "लिहा."