ताडाच्या जोडीवरून डावीकडे

सिल्वासाला यायचं तर वापीला उतरा आणि पूर्वेकडे बाहेर पडा. पश्चिमेकडे पडलात तर दमणच्या जीपमध्ये बसाल, आणि मग मला बोल लावू नका. शनिवारी येऊ नका. शनिवारी अर्धा गुजरात घसा ओला करायला इकडे येतो आणि जीपमध्ये बसायला तर सोडाच, लोंबकळायलाही जागा नसते. वनगंगेची बाग बघायची तर सकाळी जा. खानवेलला जायचं तर बसची वेळ विचारा, आणि सांगितलेली वेळ खोटी आहे असं धरूनच निघा. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण "मॅडम, तुमच्या घरी कसं यायचं?" असं कुणी विचारलं की अजून मी अडखळते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी इथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले. माहेर राजापूरकडचं. आई मी लहान असतानाच गेली, घरात मी आणि वडील. आप्पा पोस्टमन होते. गावातल्याच शाळेत माझी नोकरी त्यांनी जवळजवळ ठरवून ठेवली होती, पण मला एका जागी बसवत नाही, हा माझा जन्मापासूनचा रोग. जाहिरात बघितली, अर्ज टाकला, निघाले. आप्पा चार दिवस धुसफुसले, पाचव्या दिवशी स्टँडवर सोडायला आले. तिथवर ठीक होतं.

दोन वर्षांनी मी लग्न केलं. मुलगा खानदेशातला, जातीबाहेरचा, नरोलीला धाग्याच्या कंपनीत मशीनवर. आप्पांना कळवलं ते लग्न झाल्यावर. त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: "त्या माणसाचं तोंड मी बघणार नाही." मीही त्यांचीच मुलगी. उलट टपाली कळवलं, "मग माझंही बघू नका. तुम्ही माझ्या घरी आल्याशिवाय मी गावाला पाय ठेवणार नाही." पत्र पेटीत पडलं आणि हात चावावासा वाटला. पण पेटीतून पत्र परत काढता येत नाही, हे पोस्टमनच्या मुलीला कुणी सांगायला नको.

मग मुलगी झाली. तेही कळवलं. महिनाभरानं कार्ड आलं: "येईन. पत्ता नीट कळव. स्टेशनवर कुणी न्यायला यायचं नाही."

ती शेवटची ओळ वाचून नवरा म्हणाला, "अशी काय पद्धत? मी जातो ना वापीला, दुसऱ्या पाळीत सकाळ मोकळीच असते." मी म्हटलं, अजिबात जायचं नाही. आप्पांनी आयुष्यभर लोकांची घरं शोधली होती. अर्धवट पत्त्याचं, नुसतं "आंब्याखालचे काका" असं लिहिलेलं पत्रही त्यांनी बरोबर पोचवलेलं मी पाहिलंय. रस्त्यात ते कुणाला विचारायचे नाहीत. पोस्टमननं पत्ता विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापून घेणं.

तर मी अंतर्देशीय पत्र घेतलं आणि घरचा रस्ता लिहिला. आम्ही डोकमर्डीच्या बाजूला चार खोल्यांच्या एका चाळीत राहायचो. घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. लिहिलं: "नाक्यावर उतरून सरळ या. उजव्या हाताला विहीर लागेल. पुढे रस्त्याकडेला ताडाची जोडी आहे, तिच्यावरून डावीकडे वळा. भाताच्या खाचरांच्या कडेनं दोनशे पावलं. कौलारू चाळ. तिसरी खोली." पत्र टाकलं आणि कामाला लागले. खोलीला चुना काढला. दोन नव्या चादरी आणल्या. नवऱ्याला तर मी सळो की पळो करून सोडलं. खुंटीवर बनियन टांगायचं नाही, दारात चपला ओळीनं ठेवायच्या. तो बिचारा म्हणायचा, "तुझे वडील येताहेत का कलेक्टर?"

आणि दिवाळीच्या तोंडावर ताड पाडले.

शाळेत जाताना माझ्या डोळ्यांदेखत पाडले. तिथे कुणा कंपनीची भिंत यायची होती. सिल्वासात तेव्हा हे रोजचंच होतं. सोमवारी शेत, गुरुवारी खड्डा, पुढच्या सोमवारी गेट आणि गेटवर शिट्टी घेतलेला वॉचमन. मी तिथे उभी राहिले आणि मनात म्हटलं, आप्पांना कळवायला हवं. कोरं कार्ड घरात फळीवर होतं. आज लिहीन, उद्या लिहीन. शाळेच्या परीक्षा, पोरीचा ताप, फराळ. पंधरा दिवस ते कार्ड फळीवर तसंच राहिलं, माझ्या तोंडाकडे बघत.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी भिंतीसमोरच्या दुकानात साखर घ्यायला गेले, तर दुकानवाले काका म्हणाले, "बेन, सवेरे एक बुढा आया था. लकडी की मूठवाली छत्री, खाकी थैली. हाथ में चिठ्ठी लेके दीवार के पास कितनी देर खडा था. मेरे से पानी मांगा. मैंने पूछा, किधर जाना है? कुछ बोलाच नही." ते आप्पाच. साखर तिथेच टाकून मी नाक्यावर पळाले. सुटत्या जीप थांबवून आत डोकावून पाहिलं, आतल्यांना वाटलं बाई वेडी आहे. आप्पा सकाळीच परत गेले होते.

रात्री नवरा पाळीवरून आला तशी मी त्याच्यावर तुटून पडले. "तू घरात होतास ना? सकाळभर होतास ना!" तो म्हणाला, "होतो ना. पोरीला भरवत होतो. दार उघडं होतं. कुणी आलं नाही, शपथ." त्याची काय चूक? दोनशे पावलांवर माझा बाप ताड शोधत उभा होता आणि ताड नव्हते. चूक माझी होती आणि ती कुणावर ढकलावी हे मला सुचत नव्हतं.

आठ दिवसांनी लिफाफा आला. आत माझंच अंतर्देशीय. त्यावर आडवा, लाल पेन्सिलीनं, आप्पांच्या हातचा शेरा: "पत्ता सापडत नाही. पाठवणाऱ्यास परत."

मी एवढी रडले नव्हते कधी. आणि एवढी चिडलेही नव्हते. अहो, एकदा विचारायचं तरी! मास्तरीणबाई म्हटलं असतं तर दुकानदारानं बोटाला धरून आणून सोडलं असतं. पण त्याच तिरीमिरीत मी फळीवरचं ते कार्ड घेतलं आणि लिहिलं, "ताड गेले. त्या जागी लांब भिंत, निळं गेट. गेटच्या अलीकडे डावीकडे वळा." आणि त्या दिवसापासून दर महिन्याला एक कार्ड टाकायचं असं ठरवलं. बघू आता कसा सापडत नाही पत्ता.

सात वर्षं टाकली. निळं गेट हिरवं झालं, कळवलं. विहीर बुजवली, कळवलं. खाचरांत भराव घातला, नाक्यावर सर्कल झालं, अथालच्या पुलाकडचा रस्ता खोदून ठेवला, सगळं कळवलं. शाळेत जाता-येता माझे डोळे नुसते भिरभिरत असायचे, कालचं काय नाही, आज नवीन काय आहे. जीव कशात लागायचा नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच आठवायचं, अरे, पिठाची गिरणी समोरच्या बाजूला गेली, हे राहिलंच सांगायचं. नव्या शिक्षिका, धुळ्या-नंदुरबारहून कामाला आलेले लोक मलाच खोल्यांचे पत्ते विचारायला लागले. नवरा म्हणायचा, "तुला नाक्यावर खांबाला बांधून ठेवू, पाटीचा खर्च वाचेल." मी त्याच्यावरही खेकसायचे. आप्पांची कार्डं अधूनमधून यायची. "सर्व क्षेम. पाऊस बरा." पत्त्याबद्दल अक्षर नाही. येण्याबद्दलही नाही.

सातव्या वर्षी एका रविवारी सकाळी दारात एक माणूस उभा. आमच्या गावचा, शेजारच्या वाडीतला, नरोलीला नोकरीला लागलेला. मी विचारलं, "घर कसं सापडलं तुला?"

"आप्पांनी सांगितलं ना. कुणाला विचारायला लागलंच नाही."

"आप्पांनी? ते कधी आलेत इथं?"

"ते कशाला यायला हवेत? कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी सिल्वासाचा नकाशा काढलाय. तुमचं कार्ड आलं की खोडरबर घेऊन बसतात. आमच्याकडचा कोणी वापीकडे निघाला की आधी आप्पांकडे जातो." आणि त्यानं खिशातून कागद काढून दिला.

आप्पांचं अक्षर. पूर्वेकडे बाहेर पड. शनिवार टाळ. सर्कलला डावीकडे वळू नको, खोदलंय. हिरवं गेट. कौलारू चाळ, तिसरी खोली. आणि खाली, "उंबऱ्यापाशी एक फरशी निखळलेली आहे, पाय जपून टाक." त्या फरशीवर मी थबकले. हे मी कधी लिहिलं होतं? पण सात वर्षांत इतकं काय काय लिहिलं होतं की लिहिलंही असेल असं वाटलं.

त्यानंतर मी पुन्हा वाट बघायला लागले. नकाशा आहे, पाय धड आहेत, मग यायला काय होतं? जीप थांबली की मान वळायची. दोन महिने असे गेले, आणि मग चाळीच्या मालकानं निरोप दिला की चाळ पाडणार, तिथे तीन मजली इमारत येणार. आम्ही अथालला दोन खोल्या बघितल्या. या वेळी मी कार्ड फळीवर ठेवलं नाही. त्याच दिवशी लिहिलं, "घर पाडताहेत. पुढच्या रविवारी आम्ही निघतो. आता जुना पत्ता कायमचा खोडा."

रविवारी सामान टेम्पोत चढत होतं. नवरा वर उभा राहून कपाटाला दोर बांधत होता, मुलगी पाण्याचं पिंप वाजवत बसली होती. मी रिकाम्या खोलीत केर काढत होते. बाहेर कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर आप्पा. लाकडी मुठीची छत्री, खाकी थैली. उंबऱ्यापाशी आले, निखळलेली फरशी न बघता टाळली, आणि आत येऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

माझ्या तोंडून आधी काय निघावं? "आत्ता आलात? सात वर्षं घर मांडून बसले होते मी! चादरी आणल्या होत्या तुमच्यासाठी! आणि आता यायचं, बसायला चटईसुद्धा नसताना?"

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी आलो होतो."

"आला होतात! भिंतीपर्यंत! ताड नव्हते, चुकलं माझं, किती वेळा तेच..."

"ताडांचं काय घेऊन बसलीस? भिंतीच्या पायाशी दोन बुंधे अजून वर दिसत होते. मी या दारापर्यंत आलो होतो."

मी हातातल्या केरसुणीसकट त्यांच्यासमोर बसले.

"दार उघडं होतं," आप्पा म्हणाले. "हा आत बसला होता, पाठमोरा. पोर मांडीवर. वरणभात भरवत होता. ती तोंड फिरवायची, की हा स्वतःच्या तोंडात घास घातल्यासारखं करून दाखवायचा. मी त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते तुला ठाऊक आहे. कुठल्या तोंडानं आत येणार होतो? फरशी पायाखाली वाजली, तसा मागे फिरलो." मग म्हणाले, "नोकरीत एवढी वर्षं काढली, खोटा शेरा तेवढा एकदाच मारला."

मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. सात वर्षं! सात वर्षं मी त्या ताडांना रडले, फळीवरच्या एका कार्डापायी जिवाला खात राहिले, गावभर गेटांचे रंग टिपत हिंडले. वाटलं, ही केरसुणी फेकून मारावी. म्हटलं, "आप्पा, तुम्ही फार वाईट आहात."

"हो," ते म्हणाले.

तेवढ्यात नवऱ्यानं बाहेरून हाक मारली, "अगं, दोर धरायला कुणी आहे का नाही?" मी जायच्या आत आप्पा उठले. छत्री भिंतीशी ठेवली, बाहेर गेले आणि दोराचं दुसरं टोक धरलं. नवऱ्यानं वरून पाहिलं. त्यानं ओळखलं की नाही, देव जाणे. म्हणाला, "काका, जरा खेचून धरा." आप्पांनी खेचून धरलं.

जागा कमी होती म्हणून आप्पांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. मी आणि नवरा मागे, सिलिंडर आणि गाद्यांच्या मधे. टेम्पो नाक्याकडे निघाला, आणि पुढून आप्पांचा आवाज यायला लागला, तोडक्यामोडक्या हिंदीत. "सर्कल से बाएँ मत लो, उधर खोदा है. गिरणी के बाजू से निकालो. अथाल का पूल आया की धीरे." ड्रायव्हर मुकाट्यानं त्यांच्या सांगण्याप्रमाणे वळत होता.

पुलाशी गाडी हळू झाली तेव्हा त्यानं विचारलं, "चाचा, कितने साल से हो इधर?"

आप्पा म्हणाले, "सात साल."