ताईची लहान बहीण

बेचाळिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं तेव्हा शाळेतल्या बायकांनी पेढे वाटले, आईने अख्ख्या वाडीला सांगितलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ताईला कसं सांगायचं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव पोलादपूरहून उमरठला जायच्या वाटेवर. तिथून शिकून मुंबईत मोठ्या नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. हुशार, देखणी, बोलायला लागली की माणसं हातातलं काम ठेवून ऐकायची. ‘ताईची लहान बहीण’ हीच माझी गावातली ओळख, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दहावीला मी शाळेत पहिली आले त्या दिवशी ताईला चक्कर आली आणि सगळं घर तिच्याभोवती बसलं. मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा तिने ऑर्डर वाचली, घडी करून बाजूला ठेवली आणि स्वतःच्या बढतीची हकिगत सुरू केली. बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, की शेवटी बाबांच्या तोंडात तिचंच नाव होतं. सात महिने त्यांचं सगळं मी केलं होतं. पण मी गप्प राहिले. ताईला कुणी अडवलं की ती आठ-आठ दिवस बोलायची नाही, आणि तेवढे दिवस आईला जेवण जायचं नाही.

या सगळ्यातून मी स्वतःला एक सवय लावून घेतली होती. साडी छान आहे असं कुणी म्हटलं, की जुनीच आहे म्हणायचं. शाळेत माझ्या वर्गाचं कौतुक झालं, की मुलंच हुशार आहेत म्हणायचं. स्वतःवर प्रेम करायला लागले तर मी ताईसारखी होईन, अशी मला खरोखरची भीती होती.

ज्यांच्याशी लग्न ठरलं ते वीर स्टेशनावरून महाडला रिक्षा चालवायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बिरवाडीत. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी ओळख करून दिली आणि आम्ही महाडला, तळ्याजवळच्या हॉटेलात भेटलो. चहा आला. ते जरा अवघडून बसले आणि म्हणाले, “मॅडम, मी रिक्षा चांगली चालवतो. वीस वर्षं झाली, माझ्यामुळं एकाची पण गाडी चुकलेली नाय.”

मी आतून आक्रसले. एखादा माणूस स्वतःबद्दल असं बोलला, की पुढचे दोन तास काय ऐकावं लागतं ते मला पाठ होतं. पण ते तिथेच थांबले. वड्याची बशी माझ्याकडे सरकवून त्यांनी विचारलं, “तुमाला काय चांगलं येतं?”

मी म्हटलं, काही विशेष नाही.

“येतच असंल,” ते म्हणाले. “आठवलं की सांगा.”

आठवायला मला आठ दिवस लागले. मग एका रविवारी सकाळी मी फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं, “मी गणित चांगलं शिकवते. भागाकाराला घाबरणारी मुलं माझ्या वर्गात घाबरत नाहीत.” पलीकडे ते इतके खूश झाले, जणू त्यांचाच नंबर आला होता. म्हणाले, भागाकार त्यांनाही कधी जमला नव्हता, तेव्हा लग्नानंतर शिकवणी लावायला हरकत नाही. फोन ठेवल्यावर मी एकटीच बराच वेळ हसत होते.

त्याच महिन्यात महाडला आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोलायला एक समुपदेशक बाई आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर समजावून सांगितला. आपण सगळ्यांहून वेगळे आहोत ही ठाम समजूत, कौतुकाची न संपणारी भूक, ते मिळालं नाही की होणारा संताप, आणि समोरच्याला काय वाटत असेल हे जाणवतच नाही अशी अवस्था. आजूबाजूच्या शिक्षिका भराभर लिहून घेत होत्या. माझा पेन थांबला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईबद्दल परक्या माणसाशी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, न भेटता मी त्यांना कुठलाही आजार चिकटवणार नाही, तुम्हीही चिकटवू नका. स्वभाव कुठे संपतो आणि विकार कुठे सुरू होतो, हे समोर बसून, वेळ देऊनच कळतं. मी माझी भीती सांगितली, स्वतःवर प्रेम करण्याची. तेव्हा त्या जरा पुढे वाकल्या.

“ज्याला स्वतःबद्दल बरं वाटतं ना, त्याला दुसऱ्याचं कौतुक ऐकून त्रास होत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या ताईंना कदाचित आतून स्वतःबद्दल बरं वाटतच नसेल. म्हणून रोज सगळ्यांकडून वदवून घ्यावं लागतं. आणि तुम्ही तर स्वतःला दिसूच देत नाही. तुमचं त्यांच्यासारखं व्हायचं भय सोडा.”

संध्याकाळी एसटी पकडायच्या आधी मी बाजारपेठेत शिरले आणि एक झगझगीत पिवळी साडी घेतली. दुकानदार चाचा ओळखीचे होते. त्यांनी सवयीने माझ्यापुढे चॉकलेटी आणि राखाडी रंगांचा ढीग मांडला होता, तो त्यांना मुकाट्याने आवरावा लागला.

हळदीच्या सकाळी ताईचा वीरहून फोन आला. ती गाडीतून उतरली होती आणि स्टेशनावर कुणीच घ्यायला आलं नाही म्हणत होती. खरं तर नवऱ्यामुलाच्या मित्राची रिक्षा बाहेर तिच्यासाठी उभी होती, पण तिला ती नको होती. नवरामुलगा स्वतः रिक्षा चालवतो ना, मग त्यानेच यावं, मानाच्या पाहुणीला एवढं तरी करावं, नाहीतर ती पुढच्या गाडीने परत जाईल. त्यांच्या घरीही तेव्हा हळदच लागत होती. फोन केला असता तर ते हळदीच्या अंगाने निघालेही असते.

आई माझ्याकडे बघत होती. फोनवरून ताईचा चढलेला आवाज मांडवात सगळ्यांना ऐकू जात होता. माझे हात हळदीने माखलेले, म्हणून शेजारच्या मुलीने फोन माझ्या कानाला धरला होता.

“ताई,” मी म्हटलं, “तू आलीस तर मला खूप आनंद होईल. नाही आलीस तरी माझं लग्न होईल.”

पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं आता आई रडेल. पण ती वाटीतली हळद घेऊन माझ्या गालाला फासत म्हणाली, “बरा केलास गो.” मांडवातल्या बायका हसल्या आणि थांबलेलं गाणं परत सुरू झालं.

दीड तासाने ताई त्याच मित्राच्या रिक्षातून आली. माझ्याशी बोलली नाही, पण आली.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या हॉलमध्ये बौद्ध पद्धतीने लग्न लागलं. पांढऱ्या साडीत मी स्वतःला आरशात बघितलं आणि मान खाली न घालता बघत राहिले. मला मी आवडले. मागे ताई केस नीट करत होती. तिने विचारलं, “मी बरी दिसते ना?” मी हो म्हटलं. पाच मिनिटांत पुन्हा तोच प्रश्न, आणि मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी वळून तिच्याकडे नीट बघितलं. एवढी देखणी बाई, आणि डोळ्यांत परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी धास्ती. इतक्या वर्षांत मला तिच्या रागाशिवाय काही दिसलंच नव्हतं. मी तिची पिन सरळ केली आणि म्हटलं, खूप सुंदर दिसतेस. खरंच दिसत होती.

वंदना झाली, हार घातले, आणि ताईने माईक हातात घेतला. धाकट्या बहिणीला आपण कसं घडवलं यावर ती चांगली वीस मिनिटं बोलली. मला गणिताची गोडीही तिनेच लावली म्हणे. पूर्वी मी अशा वेळी आतल्या आत जळले असते आणि वर हसले असते. त्या दिवशी मला भूक लागली होती. मी ह्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे, आणि आम्ही दोघं हळूच स्टेजवरून उतरून पंगतीत जाऊन बसलो. नवरानवरीला बघून वाढप्यांची धांदल उडाली. वडे गरम होते, मटण तिखट होतं, आणि मी तीन वेळा मागून घेतलं.

ताई बदललेली नाही. तज्ज्ञांना भेटण्याचं मी एकदा सुचवलं, तर तिने महिनाभर फोन उचलला नाही. पूर्वी मी त्या महिन्यात दहा वेळा माफी मागितली असती. आता तिचा फोन आला की मी बोलते, अर्धा तास झाला की वर्गाची तयारी आहे म्हणून ठेवते, आणि तयारी खरोखर असते. मला ती आवडते, हेही मी तिला सांगते. आई हल्ली वर्षातले दोन महिने आमच्याकडे वीरला राहते आणि दोन्ही वेळा पोटभर जेवते.

शाळेत यंदा माझ्या वर्गाचं पुन्हा कौतुक झालं. केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, तुमची मुलं भागाकारात पक्की आहेत. मी म्हटलं, हो सर, मी त्यावर खूप मेहनत घेतली आहे. आणि मग शेजारच्या वर्गातल्या बाईंना पुढे बोलावलं, कारण त्यांच्या मुलांचं वाचन आमच्याहून कितीतरी चांगलं झालं होतं.