अर्ध्या सुरानं उतरणारं हार्प्सिकॉर्ड

चूक माझीच. हार्प्सिकॉर्ड मी हार्मोनियमच्या सुराला जुळवलं.

हे युरोपातलं जुन्या घाटाचं वाद्य. पट्ट्या पेटीसारख्या, पण आत तारा छेडल्या जातात. आजच्या पेटीपेक्षा ते अर्धा सूर खाली लावायचं असतं. बजाजनगरच्या आमच्या हॉलमध्ये अशी तीन धुडं आहेत. मी पेटीवाला, हौसेनं जमवलेली. बायको त्यांना इस्त्रीची टेबलं म्हणते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... पण वैताग आहे.

माझी धाकटी बहीण सुनंदा गंगापूरला असते. गळ्याच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच चारचौघांत गाणार होती, रविवारी दुपारी, आमच्याकडे, त्यातल्याच एका हार्प्सिकॉर्डवर माझ्या साथीनं. जमलं नाही तर गाणं कायमचं बंद, असं तिनं ठरवलेलं.

फोनवर विचारलं, "पट्टी काळी चारच ना, नेहमीची?"

ती खाकरली. "तू म्हणशील तसं, दादा."

मी आपला खूश.

गुरुवारी सगळ्या तारा अर्ध्या सुरानं चढवल्या. दोन तुटल्या, एक गालावर बसली. शुक्रवारी बघतो तर वाद्य पुन्हा खाली. उन्हाळा, कूलर... मान्य. पण हवेनं उतरलेल्या तारा कमीजास्त उतरतात, इथं सगळ्या नेमक्या सारख्या. पुन्हा चढवल्या. शनिवारी तेच. बाकीची दोन वाद्यं जशीच्या तशी.

"कोणी हात लावला?"

"धूळ पुसू देत नाही तुम्ही, हात कशाला लावू?" बायको म्हणाली. तारा पिळायची चावी तर माझ्याच खिशात.

रविवारी सकाळी परत चढवलं, तपासलं आणि शेजारीच खुर्ची टाकून बसलो. तीनला लोक जमले. मी काळी चार दाबली... वाजली पांढरी पाच, अर्धा सूर खाली. थांबा म्हणणार, तोवर सुनंदानं मोबाइलवरचा तानपुरा गुपचूप खाली आणला आणि सा लावला. अलगद, कुठंही न ओढता. तासभर गायली.

चहाच्या वेळी म्हणाली, "ऑपरेशनपासून काळी चारला आवाज चिरतो रे. तू लई हौसेनं लावत होतास, सांगवेना. बरं झालं, तुलाच कळलं."

मी सगळं खरं सांगितलं. तारा, चावी, खुर्ची. का उतरलं, मला अजूनही माहीत नाही, हेही सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. "व्हय का? मग पुढच्या बैठकीला साथीला ते वाद्य एकटंच असू दे, दादा. तू बाहेर चपला सांभाळ."