‘मिरवणूक’ निघाली तेव्हा

आमच्या आल्बममध्ये गाणी फक्त सहा आहेत. किस्से मात्र मोजायच्या पलीकडे गेलेत! आमच्यातले दोघं कुठेही भेटले, लग्नात, दवाखान्यात, केळीवाल्यापाशी, की एक तरी किस्सा निघतोच, आणि दर वेळी त्यात एखादं नवीन वाक्य घुसतं. म्हणून म्हटलं, त्यांना आणखी पाय फुटायच्या आत आपण सांगून टाकलेले बरे.

आधी ओळख. बँडचं नाव ‘पोटमाळा’, कारण खोताच्या वाडीत मेल्रॉयच्या लाकडी घराच्या पोटमाळ्यावर आमची प्रॅक्टिस चालते. मेल्रॉय कीबोर्डवर, लालबागचा संदेश म्हणजे संद्या गिटारवर, आणि ड्रम्सवर मी, नितीन. राहणार गिरगाव, दिवसा बँकेत. वाजवतो प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे गाणी लांबलचक, ताल वाकडेतिकडे, आणि नाचायला उठलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला गोंधळून परत खाली बसतो!

आमचा गायक आदित्य इंग्रजीत गायचा. झकास गायचा. दहा वर्षांनी तो बायकोमुलांसकट कॅनडाला गेला आणि लोक आम्हाला भेटायला यायला लागले. कोणी गेल्यावर येतात तसे!

*

नवी गायिका संद्याने शोधली. परळच्या एका हॉस्पिटलात तो आईला दाखवायला गेला होता. काउंटरवरून माईकवर आईचं नाव पुकारलं गेलं आणि हा पठ्ठ्या उठायचंच विसरला. आम्हाला येऊन म्हणाला, “असला आवाज नावं पुकारण्यात वाया चाललाय रे!”

ती वैशाली. वडील जुने शाहीर, परळच्या चाळीत त्यांची जलसा पार्टी. वयाच्या आठव्या वर्षापासून ही त्यांच्याबरोबर बाबासाहेबांची गाणी गायलेली. रॉक मात्र कधी ऐकलेलं नाही. ड्यूटी संपवून ती हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात तसंच घेऊन पोटमाळ्यावर आली.

संद्याने घाबरत घाबरत समजावलं, “हे बघा, हे गाणं सात मात्रांत आहे. मध्येच अकरा होतात. जरा अवघड जातं.”

तिने एकदा ऐकलं, मांडीवर बोटं आपटली आणि गायला लागली. आम्हाला तो तुकडा बसवायला तीन महिने लागले होते!

गाणं झाल्यावर संद्या म्हणाला, “मस्तच! फक्त इथे आदित्य जरा वरचा सूर लावायचा.”

वैशालीने पर्स उचलली. “मग त्यांनाच बोलवा ना. मी वैशाली आहे.”

ती निम्मा जिना उतरली तेव्हा आम्ही तिघं भानावर आलो आणि तिला परत आणायला धावलो.

*

खोताच्या वाडीत फोटो काढायला रोज कोणी ना कोणी येतं. एकदा एक मुलगी कॅमेरावाल्यासकट आली. मेल्रॉयच्या व्हरांड्यात उभी राहून वर ओरडली, “एक्स्क्यूज मी! जरा म्युझिक बंद करता का? मला व्हिंटेज फील हवाय!”

आम्ही थांबलो. तेवढ्यात मेल्रॉयची आई, फिलोमिना आंटी, हातात मासे साफ करायची सुरी घेऊन बाहेर आली.

“व्हिंटेज पायजे? मी आहे ना! माझा फोटो काढ. पोरांना वाजवू दे!”

फोटो काढला म्हणे. छान आलाय.

*

वैशालीचा पहिला शो लोअर परळच्या एका पबमध्ये होता. पूर्वी तिथे गिरणीचं खातं होतं. पहिल्या गाण्यालाच मागून ओरडा सुरू झाला, “आदित्य! आदित्य!” आमचेच जुने फॅन. बघता बघता सगळा हॉल तेच ओरडायला लागला. संद्याची मान खाली. माझ्या मनात आलं, गेली ही. आजच सोडून जाणार.

वैशालीने माईक तोंडाजवळ घेतला आणि अगदी काउंटरवरच्या आवाजात म्हणाली,

“आदित्य... आदित्य आलेत का? नाहीत? पुढचा पेशंट!”

हॉल हशाने दणाणला. हसू ओसरायच्या आत तिने दुसरं गाणं उचललं. त्यानंतर त्या हॉलमध्ये ते नाव कोणी घेतलं नाही.

*

शोची क्लिप बघून एका म्युझिक कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. बाराव्या मजल्यावर काचेची केबिन, आणि आमच्यापुढे फोडणीसारखा वास येणारा ग्रीन टीचा कप.

साहेब म्हणाले, “गाणी तीन मिनिटांची करा. लोक दहा सेकंदांत कंटाळून पुढे सरकतात.”

वैशाली म्हणाली, “आमच्या काउंटरसमोर माणसं चार चार तास बसतात.”

“अहो, ते आजारी असतात!”

“ऐकणारे तरी कुठे ठणठणीत असतात?”

साहेब हसले. मग मुद्द्यावर आले. मेन गाणं आदित्यने कॅनडातून रेकॉर्ड करून पाठवायचं, इंग्रजीतच. वैशालीचा आवाज मागे. “एक फोक टेक्स्चर म्हणून. फार सुंदर वाटेल!”

कॉन्ट्रॅक्ट टेबलावर होतं. अशी संधी आम्हाला दहा वर्षांत मिळाली नव्हती, परत मिळेलसंही वाटत नव्हतं. खरं सांगतो, क्षणभर मी पेनाकडे बघितलं. त्याची लाज अजून वाटते.

वैशाली उभी राहिली. “टेक्स्चर भिंतीला देतात, सर. मी भिंत नाही.”

आम्ही तिघं तिच्या मागोमाग उठलो. लिफ्टमध्ये मेल्रॉय हळूच म्हणाला, “चहा पण काय बेकार होता!”

*

आल्बम स्वतःच करायचं ठरलं. सगळी गाणी मराठीत, शब्द वैशालीचे. पहिलं गाणं नेटवर टाकलं आणि खाली एक कॉमेंट आली. एका जुन्या फॅननेच लिहिलं होतं, “हिला कुठून उचलून आणलं? हा रॉक बँड आहे की चौदा एप्रिलची मिरवणूक?”

खाली हसणारे चेहरे. बरेच.

संद्या लालबुंद झाला. “मी आत्ता डिलीट करतो. आणि ह्याला घरी जाऊन भेटतो!”

वैशाली खिडकीशी जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, “मी आठ वर्षांची असताना त्या मिरवणुकीत ट्रकवर उभी राहून गायले. खाली सगळा रस्ता माणसांनी भरलेला, आणि बाबांनी मला पडू नये म्हणून मागून फ्रॉकला धरलेलं. तेवढी खूश मी नंतर कधीच झाले नाही.”

मग तिने संद्याच्या हातातला फोन काढून घेतला.

“डिलीट नको करूस, संदेश,” ती म्हणाली. “आपण आल्बमला नाव शोधत होतो ना? ह्याने दिलं.”

आल्बमचं नाव ‘मिरवणूक’. सीडीच्या आतल्या पानावर ती कॉमेंट जशीच्या तशी छापली आहे. खाली फक्त एक शब्द: ‘आभार’.

*

त्याच आल्बमच्या एका गाण्यात कोरस हवा होता. वैशालीचे बाबा आपल्या पार्टीतले चार जण घेऊन स्टुडिओत आले. सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे पांढऱ्या शर्टात, इस्त्री करून.

स्टुडिओत गाताना ताल धरायला हेडफोनमध्ये एक टकटक, म्हणजे ‘क्लिक’, सोडतात. तिच्याबरोबर चालायचं. बाबा गायले. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला अदबीने म्हणाला, “बाबा, तुम्ही क्लिकच्या पुढे जाताय.”

बाबांनी हेडफोन काढला, नीट न्याहाळला आणि म्हणाले,

“मग त्याला सांग की, जरा पाय उचल!”

क्लिक बंद केला. बाबांच्या चालीवर मी ड्रम्स परत वाजवले. आल्बममध्ये तेच आहेत.

*

संद्याची आई पक्की मालवणी. तिला आम्ही पूर्ण आल्बम ऐकवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला तिने. संद्याचे दोन सोलो झाले, मेल्रॉयचे तीन. मग डोळे उघडून वैशालीकडे बोट दाखवत म्हणाली,

“चेडू इतक्या बरा गाता, आणि हे मेले मधी मधी वाजवन् तेका गप कित्याक करतत?”

*

आल्बमचा पहिला कार्यक्रम वैशालीच्या चाळीच्या पटांगणात ठेवला. रविवारी दुपारी चारला. चाळीतल्या बायका, हॉस्पिटलच्या नर्सेस, आंटी आपल्या खुर्चीसकट, आणि मागे काळे टी-शर्ट घातलेले आमचे जुने फॅनसुद्धा. लाउडस्पीकरची परवानगी सहापर्यंत होती.

सहाला पाच कमी असताना इन्स्पेक्टर साहेब आले. समोरच्या नव्या टॉवरमधून दोनदा तक्रार गेली होती.

“छान चाललंय, पण सहाला बंद करा.”

वैशाली स्टेजवरून वाकून म्हणाली, “साहेब, एकच गाणं राहिलंय. तेवढं होऊ द्या.”

माणूस भला होता. घड्याळ बघितलं, गर्दी बघितली. “एकच! त्यानंतर एक सूर नको.”

“एकच, साहेब. शब्द देते.”

ती आमच्याकडे वळली. संद्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. राहिलेलं गाणं एकोणीस मिनिटांचं होतं!

सुरू झालं. साहेब हाताची घडी घालून स्टेजच्या कडेला उभे. पाच मिनिटं झाली, आठ झाली. टॉवरच्या बाल्कन्यांत माणसं येऊन उभी राहिली. साहेबांनी घड्याळ बघणं सोडून दिलं.

अकराव्या मिनिटाला त्या गाण्यात एक जागा आहे. सगळी वाद्यं एकदम तुटतात. काहीच नाही. मी दोन्ही स्टिक हवेत धरून बसलेलो. पटांगणात चारशे माणसं, पण लहान पोरसुद्धा हुं की चूं करेना.

साहेब पुढे आले. टाळी वाजवायला हात वर केलेले, पण वाजवेनात. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

“संपलं?”

वैशालीने माईक बाजूला धरला.

“नाही साहेब. थांबलंय.”