जावयाच्या गोळ्या

आमच्याकडे सुनेचं दुखणं माहेरच्यांचं असतं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण हुमनाबादपासून हुलसूरपर्यंत कुणालाही विचारा. सून आजारी पडली की पिशवी भरायची आणि तिला माहेरी धाडायचं. बरी होऊन ये, मग भाकऱ्या थाप. या नियमाचा मला आजही संताप येतो, कारण त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचा संसार मोडायला आला होता.

ती दुबलगुंडीला दिलेली. लग्नाला वर्ष होतंय तोच तिला अंगावरून पांढरं जायला लागलं. खाज, आग, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. सासूनं उष्णता म्हणून सबजा पाजला आणि शेवटी हुलसूरला आमच्या आई-अप्पांकडे पाठवून दिलं. तिथं गोळ्या घेऊन ती बरी झाली, सासरी गेली, आणि ये रे माझ्या मागल्या. पुन्हा माहेर, पुन्हा गोळ्या, पुन्हा सासर. मग सासू गावभर सांगू लागली की पोरीच्या अंगातच खोट आहे, लेकाचं दुसरं करावं लागेल.

मी कलबुर्गीला शाळेत शिकवते. तिला माझ्याकडे आणलं आणि एका लेडी डॉक्टरला दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी आहे, नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो, आणि पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवतच नाही. मग हिलाच एवढी सूज का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कधी कधी या परजीवीच्या पोटातही एक जीवाणू बिऱ्हाड करून असतो. दोघं एकमेकांच्या आधारानं राहतात, आणि दोघं मिळून आले की शरीर जास्तच पेटतं, दाह वाढतो. हिच्या बाबतीत तसं आहे का, ते इथं तपासता येत नाही. पण पुन्हा जवळ येण्याआधी दोघांनीही औषध घेतल्याशिवाय हे थांबणार नाही.

एवढासा जंतू, पण तोही आपल्या घरात राहणाऱ्याला सांभाळून घेतो. आणि ही माणसं! नवरा तिकडं दुबलगुंडीत ठणठणीत, औषध मात्र कायम हुलसूरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बहिणीचं औषध पुरं झालं तसे सासू आणि जावई तिला न्यायला हुलसूरला आले. मीच तिला कलबुर्गीहून तिथं घेऊन गेले होते. जावयानं एकदाच घ्यायच्या गोळ्या मी त्याच्यापुढं ठेवल्या आणि का घ्यायच्या तेही न लाजता सांगितलं. सासूचा चेहरा उतरला.

"माझ्या लेकाला काय झालंय? बायकांच्या गोळ्या त्यानं कामून खायच्या?"

जावयानं गोळ्या खिशात टाकल्या, घरी जाऊन घेतो म्हणाला. अप्पा खाली बघत बसले. जावयाला शब्द बोलायची त्यांना सवय नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात पिशवी घेऊन दारात उभी असलेली बहीण पिशवी खाली ठेवून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"हितंच गिळा, माझ्यासमोर. न्हाईतर मी येत न्हाई. करा दुसरं. तिलाबी हेच व्हईल."

त्यानं खिशातून गोळ्या काढल्या आणि आईकडं न बघता गिळल्या. तरी बहीण त्या दिवशी गेली नाही. डॉक्टरांनी आठवडाभर वेगळं राहायला सांगितलंय, त्यानंतर न्यायला या, असं तिनं त्याला सांगितलं आणि पिशवी आत नेऊन ठेवली.

त्यानंतर तिला तो त्रास झाला नाही. दुसऱ्या लग्नाची भाषाही बंद झाली. पण तिची माफी कुणी मागितली असेल तर शपथ. उलट सासू अजून शेजारणींना सांगते की हुलसूरवाल्यांनी माझ्या लेकाला काहीतरी खायला घातलं, तेव्हापासून तो बायकोचं ऐकायलाय. त्या गोळ्यांनी तिचा लेकही बरा झाला, हे मात्र ती सांगत नाही. तो आजारी होता हेच तिला मान्य नाही.