नाव तेवढं बदललं

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. नाहीतर वाचताना तुम्हाला माझी दया येईल.

माझ्या धाकट्या भावाला, सुहासला, डिप्रेशन आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. डिप्रेशन म्हणजे नुसतं उदास वाटणं नव्हे. झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळंच हळूहळू जातं.

"गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील," बाई म्हणाल्या. "तोवर बोलत राहा त्याच्याशी. तुम्ही तर हेच शिकताय."

खरं होतं. मुलुंडच्या शाळेत शिकवता शिकवता, चाळिशी उलटल्यावर, मी समुपदेशनाचं एम.ए. करत होतो.

सुहास विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर होता. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो. दहा-बारा दिवस तो गप्पच. मग एकदा म्हणाला, "दादा, मशीन चालू असलं ना, की वाटतं हात आत घालावा. कुणाला बोलू नको हां. मशीनवरून काढतील."

"येडा आहेस काय? कुणाला सांगणार मी?"

घरी येऊन ते मी वहीत उतरवलं. एम.ए.साठी आम्हाला व्हर्बेटिम द्यावा लागे, म्हणजे समोरच्याचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवून लिहायचं. सुहासचा मी 'रमेश' केला. लेथ, विक्रोळी, अर्धी तुटलेली डावी करंगळी तशीच ठेवली. आमच्या सरांना तपशील आवडायचे.

टाइप करायला दिलं विक्रोळी स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासमध्ये. तिथे ते टाइप करणाऱ्या मुलीचा काका सुहासच्याच खात्यात होता.

सरांनी 'उत्कृष्ट' असा शेरा दिला, त्याच आठवड्यात सुहासला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. खात्यातले विचारायचे, "काय रमेश, हात शाबूत ना?"

त्याने गोळ्या बंद केल्या. मी गेलो तर दारातच म्हणाला, "यासाठी बोलायला लावत होतास होय रे मला?"

"मी नाव बदललं होतं," मी म्हणालो.

त्याच्या बायकोला, सरांना, सगळ्यांना मी तेच सांगत फिरलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हाताचं ते मला कळायला हवं होतं. तुम्ही सरांना कळवलंत."

तुमच्या घरचं माणूस असं काही बोललं, तर त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. मी गेलो नव्हतो.

सरांना दिलेलं ते लिखाण मी परत घेतलं. एम.ए.चं वर्ष वाया गेलं. पण ती माफी नव्हती.

दोन महिन्यांनी त्याच्या बायकोने समजूत घातली, तेव्हा सुहास पुन्हा ओपीडीत आला. मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो. नंबर पुकारला तसा मीही सवयीने उठलो.

"तू बाहेर बस," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने तो हातात गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आला. माझ्याकडे न बघता औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिला. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"सुहास, तू विश्वासाने बोललास आणि मी तुला न विचारता ते लिहून दिलं. मार्कांसाठी दिलं. माझं चुकलं."

नाव बदलल्याचं या वेळी काढलं नाही.